एका तक्रारीला एक काच

सरकारी रोजगार प्रशिक्षण केंद्राच्या वेल्डिंग वर्गात दोघी बहिणी शिकत होत्या. डोक्यावर चढवून तोंडावर ओढायच्या शील्डच्या काळ्या काचा सगळ्यांच्याच तडकलेल्या. धाकटीच्या काचेचा तर कोपराच गळून पडलेला. संध्याकाळी तिच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचत राही. डॉक्टरांनी बजावले होते, "पुन्हा उघड्या डोळ्यांनी त्या उजेडाकडे पाहिलंस, तर नजरेची हमी मी देणार नाही."

थोरलीने तक्रार केली, पण स्वतःच्या नावाने. मास्तर डूख धरणारा. त्याचा राग धाकटीवर निघू नये, एवढाच तिचा विचार.

तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला वर्ग झटपटसाहेब म्हणे. एकही तक्रार मुदतीबाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा बाणा. परीक्षेच्या सकाळी ते स्वतः नवीकोरी शील्ड घेऊन हजर झाले.

"घ्या बाई. मुदतीच्या आत!"

थोरलीने ती धाकटीच्या हाती दिली. साहेबांनी ती अलगद काढून घेतली.

"तक्रार कुणाची?"

"माझी. पण डोळे हिचे जातायत, साहेब."

"मग हिने करायची. आज केली, तर पंधरा दिवसांत हिलाही मिळेल. आपल्याकडे उशीर नसतो."

"अहो, परीक्षा आत्ता आहे!"

"परीक्षा माझ्या खात्यात येत नाही."

मास्तर खुसखुसला. "पुढारीपणाची हौस होती ना? घाला आता मुकुट."

"माझी हिला देते. हिची फुटकी मी घेते."

"म्हणजे तुमची तक्रार खोटी होती तर," साहेब शांतपणे म्हणाले. "खोट्या तक्रारीला पटावरचं नाव कमी होतं, बाई."

धाकटीने तिचा दंड दाबला. "ताई, घाल तू. नाहीतर तेलही जाईल नि तूपही. एकीला तरी नोकरी लागू दे."

"मग तू बसू नकोस."

"बसणार. डोळे मिटून रेघ ओढते. आवाजावरून कळतं मला."

शेजारशेजारच्या कप्प्यांत दोघी उभ्या राहिल्या. थोरलीने शील्ड खाली ओढली. वितळलेल्या धातूची रेघ इतकी स्वच्छ तिने आजवर पाहिलीच नव्हती. हात सफाईने चालू लागला, आणि क्षणभर तिला चक्क आनंद झाला. पडद्यापलीकडे धाकटीच्या रॉडचा तडतडाट एकसुरात चालला होता; मधेच तुटला, पुन्हा धरला, पुन्हा तुटला. रॉड नेमक्या जागी टेकवायला मात्र पाहावेच लागते.

परीक्षा संपताच साहेब पुढे आले. "समाधान झालं ना? तोंडाने सांगा, म्हणजे मिटलं."

थोरलीने पडद्याकडे पाहिले. धाकटी भिंत चाचपडत बाहेर आली. डोळ्यांना धार लागलेली, आणि तोंड साहेब नव्हते त्या बाजूला.

"झालं म्हण गं, ताई. साहेबांची मुदत टळायची."

"झालं," थोरली म्हणाली.

साहेबांनी शील्ड परत मागून घेतली. ती पुढच्या तक्रारीला लागणार होती.