कथबर्टचं कात्रण

इंग्रजीत ‘पुट’ म्हणजे ठेवणं, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. पण न्यूकॅसलच्या त्या शब्दकोशाच्या कचेरीत इस्थर हेपल या एका शब्दापायी चार वर्षं डोळे फोडत होती. दिवा विझवणं, बंड मोडणं, गलबत बंदराला लावणं, पाहुण्याला रात्रभर ठेवून घेणं, सगळीकडे मेला हाच शब्द. वापराची उदाहरणं उतरवलेल्या साडेनऊ हजार चिठ्ठ्या तिने अर्थाअर्थाने खणांत लावल्या होत्या, आणि तो क्रम तिच्या एकटीच्या डोक्यात होता.

एक अर्थ राहिला होता. खाणीत कोळशाची गाडी ढकलत नेणं, यालाही ‘पुट’च म्हणत. तिचा धाकटा भाऊ कथबर्ट हेच काम करायचा.

“छापील पुरावा?” मुख्य संपादक क्रॉस्थवेटने विचारलं. त्याला खाणकामगारांचं वावडं होतं, खाणकामगाराच्या लेकीचं जरा जास्तच.

“वर्तमानपत्रातल्या बातमीची नक्कल करून आणलीय, साहेब.”

“तुमच्या हातची? पदरचं घालायला कितीसा वेळ लागतो! अस्सल आणा.”

अस्सल कात्रण आईच्या बायबलात होतं. खाण बुजली तेव्हा कथबर्ट आतच राहिला. ना थडगं, ना दगड. त्याचं नाव काय ते त्या कात्रणात उरलं होतं.

“कोशात छापलं की कायमचं राहील गं,” इस्थरने समजावलं. ‘परत आण हं,’ म्हणत म्हातारीने कात्रण दिलं.

क्रॉस्थवेटने वाचलं: ‘सतरा वर्षांचा कथबर्ट हेपल गाडी पुट करत असताना छत कोसळलं.’ त्याने कात्री उचलली, नाव कापलं आणि तो तुकडा शेगडीत टाकला.

“अहो, हे काय केलंत!”

“जागा वाचवली. अर्थ आला, पुरे.”

“लॉर्डांची नावं बरी राहतात तुमच्या कोशात!”

“ते लॉर्ड आहेत, बाई.”

इस्थरचं टाळकं फिरलं. ती आपल्या टेबलाशी गेली, एकेक खण ओढला आणि जमिनीवर पालथा केला. चार वर्षांच्या चिठ्ठ्यांचा घोट्याएवढा ढीग झाला.

“वेड लागलं का? सोमवारी छापखान्यात द्यायचंय हे!” क्रॉस्थवेट किंचाळला.

“मग बसा लावत,” ती म्हणाली. “तुमचे लॉर्ड येतील मदतीला.”

टोपी घेऊन ती बाहेर पडली. जिना उतरेपर्यंत तिला अंगात बारा हत्तींचं बळ वाटत होतं. रस्त्यावर आल्यावर मात्र पाय घराच्या दिशेने उचलेनात. आई दारातच उभी असणार, आणि कात्रण मागणार.