घड्याळावरचं धान

शेताजवळच्या बोडीच्या, त्या लहानशा तळ्याच्या पाण्यातून धनेंद्रला वर काढलं, तेव्हा त्याच्या मनगटावरच्या घड्याळात आकडे पळतच होते. आपटा, बुडवा, याला काही होत नाही, असं तो मिरवायचा. मी त्याची मोठी बहीण. मला त्या घड्याळाचा संताप आला.

तेरवीला काका म्हणाले, घड्याळ पाण्यात सोडून द्या. आईनं ऐकलं नाही. तिनं ते आपल्याच हाताला बांधलं.

त्याच्या पट्ट्यावर जुन्या जपानी लाकडी ठशांच्या छापासारखं चित्र आहे: उसळलेली निळी लाट आणि तिच्या टोकाला नखांसारखा पांढरा फेस. आई मात्र भेटेल त्याला सांगायची, "धान आहे हा. वाऱ्यानं वाकून राहिला."

लोक मान हलवायचे. मीही हलवायची.

काल धानाचा रोवणा करताना शेजारणीला ती पुन्हा तेच सांगू लागली आणि माझा तोल गेला. "आई, धान नाही, पाणी आहे ते! लाट आहे!"

आईनं हातातली रोपं चिखलात रोवली, मगच वर पाहिलं.

"मले का दिसत नाही, बाई? पण पानी म्हटलं तं हाताले कशी बांधू?"