न थांबता एक फेरी

बाबांचा डावा पाय पुन्हा नको तेव्हा ड्रमसेटच्या पेडलवर दाबला गेला आणि जोडीच्या झांजा खटकन मिटल्या.

"बाबा, क्लच नाहीये तो!" लेक खेकसली.

"अगं, जन्मभर बस चालवली. वळण आलं की पाय आपोआप जातो, त्याला मी काय करू?"

"वळण कुठंय इथे? सरळ रस्ता आहे."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "सावकाश हो! प्रवासी घाबरलेत."

संध्याकाळी टेम्पो येणार होता. लेकीला दुसऱ्या शहरात एका बँडमध्ये काम मिळालं होतं आणि तिच्याबरोबर ड्रमही निघाले होते. घरात तो धडधडाट नसणार, हा विचारच बाबांना सोसवत नव्हता. निवृत्त झाल्यापासून तोच काय तो त्यांचा सोबती. म्हणून त्यांनी हट्ट धरला, मी शिकतो, ड्रम इथेच राहू देत. बँडकडे एक जुना संच होता, त्यावर तिचं भागलं असतं. लेकीने हसत हसत अट घातली, न थांबता एक फेरी वाजवून दाखवा.

तसं बघितलं तर पोरखेळच. उजव्या हाताने झांज, डाव्याने मधला ड्रम, उजव्या पायाने मोठा ड्रम. पण हात जुळला की पाय रुसायचा आणि पायाची समजूत काढावी तर हात भलतीकडेच. बाबा घामाघूम झाले.

"आकडे मोजू नका," लेक म्हणाली. "तोंडाने बोला. धूम्-टक, धूम्-धूम्-टक."

बाबा पुटपुटू लागले. धूम्-टक, धूम्-धूम्-टक. आणि काय झालं कोण जाणे, हात त्यांचे राहिलेच नाहीत! पाय आपला आपण पडत होता, काठी आपली आपण उठत होती. फरशीत, खिडकीच्या काचांत, छातीत एकच ठोका घुमत होता आणि तो चक्क त्यांच्यातून निघत होता. बाप रे! त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. आई हातात ओलं फडकं घेऊन दारात येऊन उभी राहिली. फेरी संपली, दुसरी संपली, तरी ते थांबेनात.

थांबले तेव्हा डोळे भरून आले होते.

"जमलं की हो!" लेक ओरडली. "घ्या, राहिले तुमचे ड्रम." ती हसत होती, पण तिचं बोट झांजेच्या कडेवरून फिरत राहिलं.

बाबा तिच्याकडे पहिल्यांदाच भेटल्यासारखे बघत होते.

"हे असं... तुला नेहमी होतं?"

"नेहमी नाही. पण या ड्रमवर बसले की होतंच."

बाबा उठले, वरच्या झांजेचा नट फिरवून सैल केला आणि झांज दोन्ही हातांनी अलगद उतरवली.

"बाबा, हे काय करताय?"

"जुन्या चादरी काढ गं," ते आईला म्हणाले. "झांजा नीट गुंडाळायला हव्यात. हे टेम्पोवाले खड्डे बघून चालवत नाहीत."