दगडाखालची मुळी

टेकडीच्या उतारावर पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या खडकावर मुळीमहाराज डोळे मिटून बसले होते आणि खाली अर्धे गाव श्वास रोखून उभे होते. एकाएकी ते उठले, चार ढांगा टाकून त्यांनी काठी जमिनीवर आपटली आणि गर्जना केली, "इथं! इथं निजलीय माझी लेक! खणा!"

शिष्याने कुदळ घातली. वीतभर खोलीवरून बोटाएवढी जाड, पिवळसर मुळी बाहेर आली.

"पळाली नव्हती ती, रुसली होती!" महाराज म्हणाले. "तुमच्या कुदळीला भ्यायली, माझ्या हाकेला आली!"

"हाकेला आली, तर मग कुदळ कशाला लागली?" मी पुटपुटलो.

शेजारचा शिंपी उखडला. "मास्तर, देव समोर उभा राहिला तरी तुम्ही ओळखपत्र मागाल."

"मागेन. फोटोसकट."

तोवर शिष्याने खड्डा बुजवून वर दगड ठेवला होता. तो दगड पाहताच लोकांनी हात जोडले. आमच्याकडचा जुना नियमच तसा होता. सांधेदुखीवरची ही मुळी काढणाऱ्याने तिचे डोके, म्हणजे कोंब फुटणारा वरचा तुकडा, परत लावायचे, खड्डा बुजवायचा आणि वर दगड ठेवायचा. तीन पावसाळे त्या दगडाला कोणी शिवायचे नाही. पुढे बाहेरगावच्या कारखान्यांना ही मुळी गाडीगाडीने हवी झाली आणि आमच्याच माणसांनी डोक्यासकट सगळी उपसून दिली. मुळी संपली, दगडाचा धाक तेवढा मनात राहिला.

माझा थोरला भाऊ वैद्य. दवाखान्याच्या फळीवरची त्या मुळीची बरणी कित्येक वर्षे रिकामी होती. तिच्याऐवजी दादा जे देई त्याने गुण येत नसे, हे त्यालाही ठाऊक होते. रोगी निघून गेले. वहिनींची बोटे आखडत गेली, आणि घरातल्याच माणसाला द्यायला वैद्याजवळ काही नव्हते. अशा वेळी त्या मुळीची म्हणून महाराजांची पुडी आली. आठवड्यात वहिनींनी स्वतःची वेणी स्वतः घातली. दादा दाराआड उभा राहून रडला.

पण महिना-दोन महिन्यांत वहिनींचा चेहरा फुगून गोल झाला. तहान भागेना. पायाला ठेच लागली होती, ती जखम चिघळली. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले आणि एक पुडी प्रयोगशाळेत पाठवली. पुडीत साध्या मुळाच्या भुकटीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून मिसळलेल्या निघाल्या.

"दुखणं थांबतं ते त्यानं," बाई म्हणाल्या. "पण साखर बघा कुठं गेलीय. ती आवरली नाही तर पाय वाचवणं कठीण. आणि पुडी एकदम तोडू नका, त्यानंही जीव जाईल. इथं ठेवून हळूहळू कमी करावी लागेल. त्यांना घेऊन या."

मी घरी येऊन सांगितले, पण दादा ऐकेना. "त्यांच्या कागदावर ते काहीही लिहितील. मुळी जमिनीतून निघताना मी या डोळ्यांनी पाहिलीय." वहिनींनी तर भिंतीकडे तोंड फिरवले.

आता पुडीवरच्या विश्वासाचा आधार टेकडीवरचा चमत्कार होता. तो ढासळल्याखेरीज वहिनी इस्पितळात येणार नव्हत्या. महाराजांच्या टेकडीवरच्या पुढच्या मेळ्याला मी सर्वांसमोर जाऊन त्यांच्या एका खड्ड्यावरच्या दगडाला हात घातला.

"अरे, दगड! दगडाला शिवला!" एकच गिल्ला झाला. शिंप्याने माझा दंड धरला.

"नियम कशासाठी होता?" मी ओरडलो. "खालचं डोकं जगावं म्हणून! मग डोकं आहे का ते बघू या. असलं तर मी महाराजांच्या पाया पडतो."

दंडावरची पकड सैल झाली. मी खणले. डोके नव्हते. तांबड्या मुरमात कुंडीच्या आकाराचा काळ्या मातीचा गोळा तेवढा होता. शेजारच्या दगडाखाली तसाच, तिसऱ्याखालीही तसाच.

"ही तर मळ्यातली माती," गर्दीतून कोणी म्हणाले. म्हणजे मुळेही मळ्यातलीच होती. आदल्या दिवशी मातीसकट पुरायची, दुसऱ्या दिवशी हाक मारून काढायची. आमच्या नियमामुळे खड्डा कोणी उघडणार नाही, याची महाराजांना खात्री होती.

"तुमच्या अविश्वासानं माती काळी पडली!" महाराज म्हणाले. एक-दोघे हसले. पण महाराज गाडीत बसू लागले तेव्हा त्यांना कोणी अडवले नाही. उलट म्हातारीकोतारी माणसे गाडीभोवती जमली. "जाता जाता पुड्या तरी देऊन जा हो!" शिंपीही आईसाठी हात पसरून त्यांत उभा होता.

परतताना दादा म्हणाला, "काळी माती मला पहिल्याच दिवशी दिसली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तिची बोटं पुन्हा वळायला लागली होती रे."

त्याच रात्री त्याने वहिनींना सगळे सांगितले. त्यांनी मला बोलावले. "भाऊजी, खरी मुळी कुठं मिळेल?"

"आपल्या टेकडीवर नाही, वहिनी. इतरत्रही शोधली."

त्यांनी आपली बोटे पाहिली. मग म्हणाल्या, "सकाळी गाडी सांगा."

साखर आता उतरते आहे. पायाचे अजून निश्चित सांगता येत नाही, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. पुडी कमी होत गेली तशी बोटे पुन्हा आखडली. बाईंच्या औषधांचा गुण सावकाश येतो, आणि पूर्ण येईलच असे त्या म्हणत नाहीत.

वाचकहो, दुखणे थांबले एवढ्यावरून औषध खरे ठरत नाही. तुमच्या घरी कोणी अशी पुडी घेत असेल, तर ती लपवू नका, एकाएकी फेकूनही देऊ नका. ती घेऊन डॉक्टरांकडे जा आणि आत काय आहे ते विचारा. मी हे सांगत गावभर फिरतो, तेव्हा लोक शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी विचारतात, "बरं मास्तर, मग आम्ही काय घ्यावं?" वहिनीही हेच विचारतात. संपलेल्या मुळीच्या जागी द्यायला माझ्याजवळ काही नाही. तरीही त्या पुडीला औषध म्हणायला मी तयार नाही.