नव्याण्णव वर्षांचा मृत्यू

“‘सदर निरोपाचा हा मृत्यू नव्याण्णव वर्षे चालू राहील!’ साहेब, नव्याण्णव वर्षं चालणारा मृत्यू पाहिलाय कधी?” कोशबाईंनी कागद टेबलावर आपटला.

“मशीनचं भाषांतर आहे,” साहेब मान वर न करता म्हणाले. “मालक वारले, करार संपला. सरळ अर्थ. उगाच शब्दांचा कीस काढू नका.”

जमिनींच्या कार्यालयात जुन्या इंग्रजी दस्तांची अठ्ठावीस वर्षं भाषांतरं करून बाईंना ‘कोशबाई’ हे टोपणनाव पडलं होतं. मशीन आलं आणि बाईंना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. तेही त्यांनी मुकाट्यानं सोसलं. पण आज बाहेरच्या बाकावर एक शिवणकाम करणारी विधवा घर खाली करण्याचा हुकूम मुठीत चुरगाळून बसली होती. तिच्या आजेसासऱ्यांच्या दस्तावरूनच तो हुकूम निघाला होता.

“मूळ इंग्रजीतलं मेसुएज म्हणजे निरोप नव्हे, घर! आवारासकट घर! आणि या दस्तात डिमाइज म्हणजे मरण नव्हे, भाडेपट्ट्यानं देणं. पट्ट्याची अकरा वर्षं अजून बाकी आहेत. मालक जगो नाहीतर मरो.”

“भाषांतराशी आता तुमचा संबंध नाही, बाई.”

“शब्दाशी आहे ना! सही ठोकण्याआधी ती ओळ एकदा वाचायची तरी होती. वाचून हसू आलं असतं, तरी बिचारीचं घर वाचलं असतं!”

दारात शिपाई, कारकून गोळा झाले. बाईंनी कपाटामागे पडलेला जाडजूड कायदेकोश फडक्यानं पुसला, पान काढलं आणि ओळीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग कानाची पाळी चोळत म्हणाले, “सुधारित प्रत काढा.”

“आणि चूक झाली, असं लिहू?”

“सुधारित प्रत म्हटलं ना!”

बाईंनी स्वतःच्या हातानं भाषांतर लिहिलं, सही-शिक्का घेतला आणि शिवणकामवालीला घेऊन तिच्या गल्लीत गेल्या. तोवर घराला कुलूप लागलं होतं. शिलाई मशीन, कात्र्या, गिऱ्हाइकांचे कपडे, सगळं रस्त्यावर. एका अर्धवट शिवलेल्या झग्यावर कुणाच्या तरी बुटाचा ठसा होता.

कुलूप लावणाऱ्या कर्मचाऱ्यानं प्रत उलटसुलट पाहिली. “बरोबर आहे, बाई. पण कुलूप उघडायचा हुकूम वेगळा लागतो. उद्या या.”

“लावताना तासाभरात लावलंत! उघडायला उद्या?”

“मी हुकमाचा ताबेदार. माझ्यावर कशाला डाफरता?”

तो निघून गेला. शिवणकामवाली पायरीवर टेकली. “त्या एका शब्दाचा अर्थ एवढाच होता? भाड्यानं देणं?”

“एवढाच.”

“मग तो मेला शब्द कुणी वाचला का नाही?”

कोशबाईंनी रस्त्यावरच्या कात्र्या गोळा करून तिच्याजवळ पायरीवर ठेवल्या.

“जा तुम्ही बाई, घरी वाट बघत असतील.”

“बघू देत.”

शिवणकामवालीनं झगा झटकला, पण डाग गेला नाही. “परवा द्यायचाय,” असं पुटपुटत तिनं मशीन भिंतीशी ओढलं आणि झग्याचा काठ सुईखाली धरला. मशीन खडखडू लागलं. कोशबाई वाकल्या आणि झग्याचं दुसरं टोक, रस्त्याला टेकू नये म्हणून, दोन्ही हातांत उचलून धरून उभ्या राहिल्या.