दीपगृहवाल्याचा पाय

एकच पाय असलेला माणूस सायकल चालवेलच कसा?

एवढ्या एका प्रश्नावरून धाकटीचा पारा असा चढला, की गिऱ्हाइकाच्या पँटची शिवण उसवता उसवता ब्लेड थेट कापडात गेलं. वीस वर्षांच्या कामात हे पहिल्यांदाच घडलं होतं. तिने पँट बाजूला टाकली, मोबाइल उचलला आणि तो मेसेज पुन्हा एकदा वाचला. शब्द काही बदलले नव्हते. "दीपगृहाच्या सिनेमात तो सायकलवरून हात सोडून येतो ना, तो प्रसंग मला सगळ्यात आवडतो."

"हात सोडून म्हणे! पाय कुठून आणला मेल्याने?" धाकटी मशीनला म्हणाली.

धाकटी एक्केचाळीस वर्षांची होती, पण घरात धाकटी ती धाकटीच. गल्लीत तिला टेलरबाई म्हणत. नवं कापड बेतणं हे तिचं काम नव्हतंच कधी. कोणाची कंबर सुटलेली, कोणाची बाही लांब झालेली, कोणाची चेन अडकलेली, असे दुसऱ्यांनी शिवलेले आणि अंगाला न होणारे कपडे तिच्याकडे यायचे आणि शहाणे होऊन परत जायचे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, तिथे ती आणि तिचे वडील अप्पा. आई लवकर गेली. थोरली ताई लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि रोज न चुकता फोनवरून सल्ले द्यायची.

लग्नं जुळवणाऱ्या एका संकेतस्थळावर खातं उघडून देण्याचा उपद्व्यापही ताईचाच. "तुमचे छंद सांगा, दहा लाडके सिनेमे सांगा, आम्ही तुमचा माणूस सांगतो," असं तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं. छंदांच्या रकान्यात धाकटीने 'उसवणं' असं लिहिलं. ताईने ते खोडून 'शिवणकाम' केलं. सिनेमांना मात्र धाकटीने तिला हात लावू दिला नाही. एक वेळ स्वतःचं वय चोरेन, पण दहातला एक सिनेमा इकडचा तिकडे करणार नाही, असा तिचा बाणा होता.

पहिला माणूस आला त्याला वाचनाची आवड होती. भेटल्यावर कळलं, तो फक्त औषधांच्या बाटल्यांवरचं बारीक वाचायचा. दुसऱ्याची यादी तर तंतोतंत धाकटीसारखी, दहाच्या दहा. चार महिने बोलणं झालं, धाकटीने दोन नवे कुडते शिवले, हो, चक्क नवे शिवले! आणि मग कळलं की त्याने तिचीच यादी उतरवून काढली होती. त्यातला एकही सिनेमा त्याने पाहिला नव्हता. तुम्ही आवडलात म्हणून खोटं बोललो, असं तो म्हणाला. धाकटी आठ दिवस धड जेवली नाही. तेव्हापासून खोटं बोलणाऱ्याचं नुसतं नाव काढलं तरी तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

हा तिसरा. लिफ्ट दुरुस्त करणारा, सेहेचाळीस वर्षांचा, बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली. संकेतस्थळाने दोघांचं चौऱ्याण्णव टक्के जुळवलं होतं. तीन आठवडे इतकं मोकळं बोलणं चाललं होतं, की धाकटी दुपारी मशीन थांबवून एकटीच हसायची. मनातून ती घाबरली होती, कारण तिला तो आवडायला लागला होता. ताईला तिने स्पष्ट सांगून टाकलं होतं, "हाही खोटा निघाला तर रविवारी खातं बंद. पुन्हा माणूस शोधायचं नाव काढायचं नाही. मी आणि माझं मशीन."

आणि आता ही सायकल!

तिने लिहिलं, "त्याला एकच पाय आहे. कुबड्या घेऊन चालतो तो."

उत्तर लगेच आलं. "अहो, काहीतरीच काय! दोन्ही पाय धडधाकट आहेत. शेवटी तो आणि म्हातारा बत्तीवाला मिळून दिवा लावतात."

"म्हातारा मेलेला असतो तेव्हा!"

उत्तर आलं, "नाही. कोणी मरत नाही त्यात."

धाकटीला तोंडात मारल्यासारखं झालं. पाय एक वेळ विसरेल माणूस, पण अख्खा म्हातारा? तिने लिहिलं, "सिनेमा न बघता यादीत टाकणारे मी आधीही पाहिले आहेत. नमस्कार." आणि मोबाइल सुयांच्या डब्यात कोंबला.

मागच्या खोलीत अप्पा शेंगदाणे सोलत बसले होते. लेक तणतणत आत आली तशी त्यांनी पुढ्यातली ताटली सरकवली. "कोण मेलं?"

"म्हातारा! दीपगृहातला! आणि हा म्हणतो कोणी मरतच नाही. आणि तो एक पायवाला म्हणे सायकलवरून येतो, हात सोडून!"

"येतो की."

"कोण?"

"तोच. सायकलवरून, हात सोडून. शिट्टी वाजवत येतो. बत्तीचं तेल घेऊन. लोक टाळ्या वाजवायचे."

अप्पांचा शब्द खोटा निघणं शक्य नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी थिएटरच्या दाराशी उभं राहून तिकिटं फाडली होती. प्रत्येक सिनेमा त्यांना दारातून पाठ झाला होता.

"मग पाय?"

"पाय मध्यंतरानंतर जातो, वादळात. पण तुला कुठून दिसणार?" अप्पा हसायला लागले. "मध्यंतर झालं, लोक पुन्हा आत आले, बसले, मी दारं लावली, आणि मालक चहाला गेला की मग तुला गुपचूप आत सोडायचो. तोवर पाय गेलेला असायचा!"

आता धाकटीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. फुकट सिनेमा बघायचा तर अर्धाच, हा तिच्या लहानपणचा रिवाज. पुढे स्वतः कमावायला लागली तरी सवय सुटली नाही. मोबाइलवर सिनेमा लावला तरी बोट आपसूक मधोमध जायचं. सुरुवातीला सगळी माणसं अनोळखी असतात आणि उगाच हसत असतात, त्यामुळे तिला अवघडल्यासारखं व्हायचं. सुरुवाती तिने मनानेच रचल्या होत्या, आणि इतक्या वर्षांत विसरून गेली होती की त्या आपणच रचल्या. तिच्या सुरुवातीत तो पोरगा जन्मापासून एका पायाचा होता. आणि सिनेमातली आई म्हणजे तिच्या लेखी नेहमी भिंतीवरचा फोटो.

"त्या बिचाऱ्याला खोटारडा म्हणून बसले हो मी," ती म्हणाली आणि शेंगदाण्यांसमोर मटकन बसली.

"पण म्हातारा मरतो, ते तुझं बरोबर आहे," अप्पा म्हणाले. "तेवढं विचार त्याला."

मोबाइल डब्यातून काढताना दोन सुया बोटात गेल्या. भोगा आपल्या कर्माची फळं, असं स्वतःलाच सांगत धाकटीने सगळं लिहून टाकलं. अप्पा, दार, मालकाचा चहा, गेलेला पाय. "मी आजवर एकाही सिनेमाची सुरुवात पाहिलेली नाही. चूक माझी. माफ करा. पण म्हातारा खरंच मरतो हो."

संध्याकाळ झाली. दुकानात तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. त्या कापलेल्या पँटचा मालक आला, त्याला तिने स्वतःहून चूक दाखवली आणि असं बेमालूम रफू करून दिलं की तो उलट खूश होऊन गेला. मग एकदाचा मोबाइल वाजला.

"तुम्ही खोटारडा म्हणालात ते अगदीच चूक नाही," लिफ्टवाल्याने लिहिलं होतं. "मी एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. लहान असताना एका सिनेमात कुत्रा मेला. ते मला सोसलं नाही. तेव्हापासून मध्यंतर झालं की मी काहीतरी कारण काढून बाहेर पडतो, हल्ली लिफ्ट अडकल्याचं सांगून. मध्यंतरापर्यंत बहुतेक सगळे जिवंत असतात. लग्नानंतर बायको आत थांबायची, मी समोर चहा पीत बसायचो. मग ती बाहेर यायची आणि शेवट सांगायची. तिच्या शेवटात कधी कोणी मेलं नाही. कुत्रासुद्धा नाही. मला आज तुमच्याकडून कळलं की तिने मला अठरा वर्षं फसवलं. छान फसवलं हो तिने."

धाकटीने ते तीनदा वाचलं. खोट्याचा जिला एवढा तिटकारा, तिला त्या कधी न पाहिलेल्या बाईबद्दल एकदम माया दाटून आली. आणि स्वतःचा रागही आला. अठरा वर्षं सांभाळलेला म्हातारा आपण एका ओळीत मारून टाकला!

अप्पांच्या जुन्या थिएटरात रविवारी सकाळी जुने सिनेमे लागायचे. त्या रविवारी नेमका दीपगृहाचा होता. धाकटीने लिहिलं, "अकरा वाजता. मी सुरुवातीला हजर असेन. तुम्ही शेवटपर्यंत बसायचं."

"सुरुवातीचं वचन देतो," त्याने लिहिलं. "शेवटाचं तिथे बघू."

रविवारी धाकटी वीस मिनिटं आधीच जाऊन बसली. लिफ्टवाला आला. उंच, थोडा वाकलेला, आणि शर्टाची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब. ती तिला लगेच खटकली आणि का कोण जाणे, त्यामुळे धीरही आला. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि तिच्यासमोर बंद केला. "आज कुठली लिफ्ट अडकायला नको," तो म्हणाला.

अंधार झाला. पडद्यावर समुद्र आला, वाट आली, आणि वाटेवरून तो पोरगा आला, सायकलवर, हात सोडून, शिट्टी वाजवत. अख्खं थिएटर हसलं. धाकटीने त्याचे पाय पाहिले. दोन. गरगर फिरणारे दोन पाय. आणि तिला हुंदकाच फुटला.

"अहो, रडताय काय?" लिफ्टवाला घाबरून कुजबुजला. "आत्ताशी सायकलवरून आलाय तो!"

"किती छान चालवतो हो," धाकटी नाक पुसत म्हणाली.

मग तिने सगळं पाहिलं. तिच्या लेखी जी मुलगी पहिल्यापासून चिडखोर, ती सुरुवातीला जाळं विणता विणता त्याला खडे मारत होती. म्हातारा बत्तीवाला भयंकर विनोदी होता, हे तर तिच्या गावीही नव्हतं. तिने त्याला फक्त खोकताना पाहिलेलं. लिफ्टवाला प्रत्येक विनोदाच्या आधीच हसायचा आणि मग तिच्याकडे बघायचा, हसली का म्हणून. ती हसत होती. माणसं एकमेकांना आवडायला लागतात ते असं होय, असं तिला वाटलं.

मध्यंतर झालं. दिवे लागले. लिफ्टवाला ताडकन उठला आणि त्याने खिशाला हात घातला. "जरा बघून येतो, कुठेतरी लिफ्ट..."

"मोबाइल बंद आहे तुमचा."

तो तसाच उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "पायाचं कळलं. म्हातारा... नक्की जातो? तुम्ही लहान होतात तेव्हा. चुकून कदाचित..."

धाकटीच्या ओठांवर आलं होतं की नाही जात, बसा निवांत. एवढं एक वाक्य बोललं असतं तर गडी बसला असता. पण मग वीस मिनिटांनी काय?

"जातो," ती म्हणाली. "पण त्यानंतर चाळीस मिनिटं सिनेमा असतो."

"म्हातारा गेल्यावर चाळीस मिनिटं?" त्याला ते खरंच वाटेना. "काय दाखवतात एवढा वेळ?"

"भांडी घासतात. भांडतात. पोरगा एका पायावर एकशे बारा पायऱ्या चढायला शिकतो. एका ठिकाणी तर लोक पोट धरून हसतात. मी लहानपणापासून तेवढंच बघत आलेय."

"एकशे बारा पायऱ्या, आणि लिफ्ट नाही," तो पुटपुटला आणि वळून निघून गेला.

धाकटीने मागे वळून पाहिलं नाही. लोक परत आले, दारं लागली, अंधार झाला. शेजारची खुर्ची रिकामीच. खोटं बोलला नाही बिचारा, तिने मनाशी म्हटलं, शेवटाचं वचन त्याने दिलंच नव्हतं. पडद्यावर वादळ आलं. तो पाय कसा जातो ते धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि एकटीने पाहिलं. तिला त्या क्षणी त्याची फार फार आठवण झाली. घरी गेल्यावर खातं बंद करायचं, तिने ठरवून टाकलं.

तेवढ्यात मागचं दार किलकिलं झालं. टॉर्चचा उजेड पायऱ्यांवरून खाली आला आणि त्याच्यामागून एक वाकलेला उंच माणूस लोकांचे गुडघे चुकवत, माफ करा, माफ करा म्हणत रांगेत शिरला. धाकटी लहानपणी शिरायची, अगदी तसाच.

"पाय गेला?" खुर्चीत बसता बसता त्याने विचारलं.

"गेला."

"म्हातारा?"

"आहे अजून."

"वेळ आली की सांगा."

वेळ आली. धाकटी म्हणाली, "आता." त्याने डोळे मिटले नाहीत. धाकटीची बाही मात्र मुठीत धरली, इतकी घट्ट की शिवण कर्रकन उसवली, आणि तिने हात तसाच राहू दिला. म्हातारा खोकला, खिडकीकडे बघून एक शेवटचा विनोद केला आणि गेला. लिफ्टवाला रडला, चांगला मोठ्याने रडला. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं.

मग पडद्यावर सकाळ झाली. पोरगा कुबड्या घेऊन उठला आणि त्याने चुलीवर चहा ठेवला.

लिफ्टवाल्याने तिची बाही न सोडताच दुसऱ्या हाताने डोळे पुसले. "चाळीस ना?"

"पूर्ण चाळीस," धाकटी म्हणाली. "मी मोजलीत."