निळ्या मळ्यांवर पडलेला पाऊस

मित्रांनो, मी एक फ्लेक्स आहे. खरे तर अर्धाच आहे. माझा वरचा भाग अळणावरजवळच्या एका गोठ्यापाशी वैरणीच्या गंजीवर पसरलेला आहे. खालची हातभर रुंदीची पट्टी धारवाडात केलगेरी तळ्याकाठी एका घडीच्या टेबलाला बांधलेली असते. गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळे होतात, असे पुष्कळ जण समजतात. तसे होत नाही. जगलाच तर डोक्याकडचा तुकडा जगतो. माझ्या बाबतीत डोके कोणते हे ठरवायला मला काही दिवस लागले. जिथे अक्षरे आहेत तिथे मी आहे, असे मी शेवटी ठरवले. म्हणून ही हकीकत पट्टी सांगते आहे. सांगताना आवाज चढला तर समजून घ्या. मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

आमची जात तुम्हाला ठाऊक आहे. आत पॉलिएस्टरच्या धाग्यांची जाळी, तिच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा थर. उन्हात आमचा रंग उडतो, पण अंग कुजत नाही. चौकाचौकांत वाढदिवसाच्या शुभेच्छा देत लटकत असतो ते आम्हीच. आम्हाला कुणी वाचत नाही. लोक चेहरे बघतात आणि पुढे जातात. माझे नशीब वेगळे असेल असे मला वाटले होते, कारण माझा जन्म एका पुस्तकासाठी झाला.

पुस्तकाचे नाव ‘निळे मळे’. ते लिहिणारी वेदश्री धारवाडच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवते. ही तिची पहिली कादंबरी, एका अद्भुत देशातली प्रेमकथा. त्या देशात पाऊस कधीच पडलेला नाही. झाडे पहाटेच्या दहिवरावर जगतात आणि नजर पोचेल तिथवर मळे निळे असतात. त्या मळ्यांची राखण करणारी मुलगीही त्याच निळ्या मातीची. तिच्यावर ढगांच्या देशातून वाट चुकून आलेल्या एका तरुणाचा जीव जडतो. तो रडला की पाऊस पडतो. पाऊस पडला तर सगळा निळा रंग धुऊन जाईल, आणि त्याच्याबरोबर तीही. म्हणून तो पुस्तकभर रडत नाही. सगळी गोष्ट त्या न पडलेल्या पावसावर उभी आहे, एवढे ध्यानात ठेवा.

हुबळीला कोप्पीकर रोडवरच्या एका दुकानात मी छापला गेलो. तिथे उमेश नावाचा माणूस चित्रे आणि मजकूर जुळवतो. वेदश्रीने त्याला मोबाईलवर मजकूर पाठवला आणि पुस्तकाचे मुखपृष्ठही. पण मुखपृष्ठाचे चित्र लहान होते, मोठे करायला गेले की फुटत होते. तेव्हा उमेशने पुस्तकाचे नाव वाचले आणि स्वतःच चित्र तयार केले. उमेशच्या घरी कन्नड, दुकानात गिऱ्हाईक बोलेल ती भाषा. आणि कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस. मग काय, त्याने माझ्यावर धो धो निळा पाऊस पाडला. धारांखाली एक जोडपे, दोघांत एक छत्री, तीही मिटलेली. खाली मात्र वेदश्रीने पाठवलेली ओळ जशीच्या तशी ठेवली: ‘जिथे पाऊस कधीच पडला नाही, त्या देशाची प्रेमकथा.’ अशा रीतीने डोक्यावर पाऊस आणि पायाशी दुष्काळ घेऊन मी यंत्रातून बाहेर पडलो.

प्रकाशनाच्या संध्याकाळी टेम्पोवाले नागोजी खुर्च्यांबरोबर मलाही सभागृहात घेऊन आले. खुर्च्या मांडता मांडता वेदश्री त्यांना सांगत होती की तिला हार नकोत, शाल नको. कुणीतरी पुस्तक वाचून त्याच्याबद्दल एक खरा प्रश्न विचारावा, एवढेच हवे आहे. नागोजींनी मान डोलावली आणि माझी गुंडाळी सोडली. वेदश्री जागच्या जागी थांबली. तिने लगेच उमेशला फोन लावला. तो काय म्हणतोय ते मलाही ऐकू येत होते.

“उमेशअण्णा, हा पाऊस कुठनं आणला?”

“नावातच आहे की अक्का. निळे मळे.”

“अहो, मराठीतले मळे. शेतातले.”

मग तो म्हणाला, “अय्यो. पण मराठी मळ्यांत मळे पडत नाही काय?”

वेदश्रीला हसूही आले आणि रडूही. दुसरा फ्लेक्स करायला वेळ नव्हता, पाहुणे गाडीतून उतरत होते. “असू दे,” ती नागोजींना म्हणाली, “खाली ओळ आहे ना. लोक वाचतील.” मित्रांनो, त्या वाक्यावर माझा पूर्ण विश्वास बसला. मी अंग ताणून मंचामागे उभा राहिलो.

पाहुणे म्हणजे बाळाचार्य. निवृत्त प्राध्यापक. शहरातल्या मराठी मंडळींत त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यांनी बरे म्हटले की ते पुस्तक वाचनालयांत जाते, त्यांनी नाक मुरडले की ते पेटीत राहते. वेदश्रीने त्यांच्या घरी जाऊन, वाकून नमस्कार करून, पुस्तकाची प्रत आधीच देऊन ठेवली होती.

मागे टांगलेल्या फ्लेक्सला वक्त्याचा चेहरा दिसत नाही. त्याची पाठ दिसते आणि त्याच्या समोरचे टेबल वरून स्पष्ट दिसते. मला दिसले ते सांगतो. बाळाचार्यांनी पिशवीतून तीच प्रत काढून टेबलावर ठेवली. तिच्यावरचे पारदर्शक वेष्टन जसेच्या तसे होते, कुठेही फाटलेले नव्हते. पाण्याच्या पेल्याचे वळ टेबलावर उठू नयेत म्हणून त्यांनी पेला त्या प्रतीवर ठेवला. मग मागे वळून माझ्याकडे एकदा बघितले. डोक्यापासून कमरेपर्यंतच. आणि माइक हातात घेतला.

आपण ही कादंबरी एका बैठकीत संपवली, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. मग ते पावसावर बोलले. मलनाडच्या पावसावर, मातीच्या वासावर, चिंब भिजलेल्या प्रेमावर बोलले. या लेखिकेच्या पानापानांतून पाऊस झरतो, म्हणाले. तिची नायिका पावसात न्हाऊन पूर्ण होते, म्हणाले. समोरच्या श्रोत्यांचे चेहरे मला सगळे दिसत होते, आणि त्या सगळ्यांना मी दिसत होतो, पायाशी असलेल्या ठळक ओळीसकट. सगळे मान डोलावत होते. कुणाच्याही कपाळावर आठी उमटली नाही. मी अक्षरांचा बनलेला असून मला ओरडता आले नाही, याचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

वेदश्री बोलायला उठली. वडीलधाऱ्यांना चारचौघांत खोडून काढायचे नसते हे तिला लहानपणापासून शिकवलेले आहे. तिची मान खाली होती. मग तिने टेबलावरच्या त्या प्रतीकडे पाहिले आणि मान वर केली.

“सरांनी वर्णन केलेला पाऊस फार सुंदर होता,” ती म्हणाली. “पण माझ्या पुस्तकात पाऊस एकदाही पडत नाही. पडला तर नायिका मरते.”

आता तरी लोक माझ्या पायाशी बघतील, असे मला वाटले. बाळाचार्य बसल्या जागेवरून माइककडे झुकले.

“बाळ, आपण काय लिहिलंय हे लेखकाला नेहमी कळतंच असं नाही.”

आणि टाळ्या पडल्या. मित्रांनो, भरपूर टाळ्या पडल्या. त्यानंतर सगळे जण माझ्यासमोर रांगेत उभे राहिले आणि फोटो निघाले. फोटोंत पाऊस छान आला. ओळ सगळ्यांच्या पायांमागे गेली.

उमेशही चुकला, पण तो एक शब्द नीट वाचून चुकला. तो शब्द दोन घरांत राहतो, आणि उमेशने आपल्या घरातला ओळखला. अशा चुकीवर मी रागावू शकत नाही. पण न वाचता केलेले कौतुक ही चूक नव्हे. चुकायलासुद्धा आधी वाचावे लागते.

सभागृह रिकामे झाल्यावर नागोजी खुर्च्या उचलू लागले. “अक्का, हे टाकून देणार असशील तर मला दे,” ते म्हणाले. “गावाकडं वैरणीवर घालतो. चित्रातला पाऊस खऱ्या पावसाला अडवील.” वेदश्रीने द्यायचे कबूल केले आणि कात्री मागितली. तिने पावसाच्या खाली, ओळीच्या वर, मला सरळ रेषेत कापले. जाळीचे धागे एकेक तुटताना मला कळत होते. वरचा भाग तिने नागोजींना दिला आणि मला गुंडाळून काखेत घेतले. नागोजी दुसऱ्या दिवशी कोप्पीकर रोडवर जाणार होते. त्यांच्या हाती तिने पुस्तकाची एक प्रत उमेशकडे पाठवली. त्यात पाऊस शोधून दाखव, असा निरोप दिला.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी सकाळी ती तळ्याकाठी टेबल मांडते आणि मला पुढे बांधते. फिरायला येणारी माणसे थांबतात. मुलांसाठी आहे का, असे विचारतात. लग्न कधी करणार, असेही विचारतात. यावर सिनेमा निघेल का, असे एकाने विचारले आणि उत्तर न ऐकता तो पळत पुढे गेला. वेदश्री प्रत्येकाशी हसून बोलते. माणूस गेला की तिचे हसू लगेच मावळते, ते मला खालून दिसते.

एका सकाळी उमेश आला. गाडी नीट न लावताच तरातरा टेबलापाशी आला. त्याच्या हातातल्या प्रतीचे कोपरे मऊ झाले होते आणि आत बसच्या तिकिटाची खूण होती. माफी मागायला आला असावा, असे मला वाटले. तो भांडायला आला होता.

“पाऊस नाही, हे कबूल,” तो म्हणाला. “सगळं वाचलं. सावकाश वाचलं, पण वाचलं. मला एक सांग अक्का. पाऊस कधीच पडला नाही, तर दहिवर कुठनं आलं? हवेत पाणी पायजे की.”

वेदश्री उभी राहिली. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हा प्रश्न सुचला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. राग मात्र दिसत नव्हता. इतका आनंद मी तिच्या चेहऱ्यावर आधी पाहिलेला नव्हता. जमिनीखाली समुद्र असेल, त्याची वाफ भेगांतून वर येत असेल, असे ती म्हणाली.

“मग ते पुस्तकात लिहायला पायजे होतं,” उमेश म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.

दोघे वाद घालत राहिले. पुस्तकातल्या नायिकेने त्या ढगांच्या देशातल्या तरुणाला डोळे मिटायला का सांगितले, यावरही त्यांचे जमेना. ऊन चढले, तळ्यावरचे धुके विरले. एक गृहस्थ घुटमळत जवळ आले आणि ही ती पावसाची कादंबरी का, असे विचारू लागले. त्यांनी कार्यक्रमाचे फोटो पाहिले होते. वेदश्री काही बोलायच्या आत उमेशने माझ्याकडे बोट दाखवले.

“ओळ वाचा की हो.”

गृहस्थ वाकले, चष्मा सारखा केला, आणि मला पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचले.

मित्रांनो, माझी मागणी तेवढीच आहे. आम्हाला नावे ठेवा, आमच्याशी भांडा, आमच्यात चुका काढा. पण आधी वाचा, अगदी तळाच्या ओळीपर्यंत. नागोजी सांगतात की अळणावरला माझ्या वरच्या भागावर आता खराखुरा पाऊस पडतो आणि खालची वैरण कोरडी राहते. त्याचे बरे चालले आहे. इथे मात्र आभाळ भरून आले की वेदश्री सर्वांत आधी मला सोडते, नीट गुंडाळते आणि पुस्तकांच्या पेटीत ठेवते. माझ्यावर अजून एकदाही पाऊस पडलेला नाही.